पडीक जमिनीचं आदर्श उत्तर

चुटकी वाजवल्याशिवाय सरांना कुणाला हाकच मारता यायची नाही. हॉटेलातल्या वाढप्याला चुटकी, रिक्षावाल्याला चुटकी, वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोराला चुटकी. माझ्या स्टुडिओत आले की मी काउंटरमागं समोरच उभा दिसायचो, तरी चुटकी. बोटांवरची खडूची भुकटी उडायची आणि माझ्या काचेवर येऊन बसायची. मी दस्तीनं काच पुसायला लागलो की म्हणायचे, "राहू द्या हो. पुढं!"

हा माणूस मला आवडायचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की लोक त्याला आधी धुऊनपुसून, पावडर लावून बसवतात. मी फोटोग्राफर. जिंदगीभर लोकांना पावडर लावूनच बसवलं. इथं लावणार नाही.

मी मूळचा भोकरचा. नांदेडला एका स्टुडिओत काम शिकलो आणि भूकंपानंतर लातुरात दुकान टाकलं. लातुरात तेव्हा क्लास नावाचं पीक नुकतंच जोमात आलं होतं. निलंग्याहून, उदगीरहून, पार नांदेडकडून आईबाप एसटीनं पोरं घेऊन उतरायचे, हातात पत्र्याची पेटी आणि काखेत गादीची वळकटी. मग मेस निघाल्या, हॉस्टेलं निघाली, झेरॉक्सची दुकानं निघाली आणि माझ्यासारख्या फोटोवाल्यांचंही बरं चाललं. निकाल लागला की गुणवंतांचे फोटो मोठे करून बोर्डावर चढवायचे. एकच पोरगं तीन-तीन क्लासच्या बोर्डांवर हसताना मी पाहिलंय. कुठल्या क्लासचं म्हणावं हे त्या पोरालाही ठाऊक नसायचं. रस्त्यानं जाताना वर बघायला नको वाटायचं मला, आणि ते फोटो माझेच असायचे.

सरांचा बोर्ड चौकात सगळ्यांत वर होता. ते फिजिक्स शिकवायचे. शिकवायचे म्हणजे काय, उत्तरं पाठ करून घ्यायचे. चुटकी वाजली की उत्तर आलं पाहिजे, दुसऱ्या चुटकीला पुढच्या पोराचं. वर्ग चालू असताना खाली रस्त्यावर उभं राहिलं तर पावसाळ्यात बेडकं ओरडावीत तसा आवाज यायचा. "खरं काय ते मनात ठेवा, पेपरात काय ते लिहा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा एका पोरानं विचारलं होतं, "सर, पण वीज म्हणजे नेमकं काय असतं?" सर म्हणाले, "किती मार्काला आहे?"

कशालाही तेच. गावात कुणी वारलं, कुणाचं लग्न मोडलं, कुणी देवाधर्माचा विषय काढला, की भुवया उंचावून, "किती मार्काला?" लोक हसायचे. मीही पहिल्यांदा हसलो होतो.

त्या काळात आमच्याकडं लाईट पाहुण्यासारखी यायची. संध्याकाळी गेली की जेवणं होईस्तोवर पत्ता नाही. सर वर्गात पेट्रोमॅक्स लावून शिकवायचे. दीडशे पोरं घामानं थबथबलेली, भिंतीवर त्यांच्या डोक्यांच्या सावल्या, आणि मधोमध सर, शर्ट पाठीला चिकटलेला. घसा बसला तरी थांबायचे नाहीत. खोटं कशाला बोलू, तेवढं मी त्यांचं मानायचो. "ही लाईट एकदा नीट येऊ द्या," असं ते वर्ग सुटल्यावर माझ्या पायरीवर बसून म्हणायचे, "मग बघा आमची पोरं कुठं जातात ते."

आणि लाईन यायची ठरली. मोठी लाईन, उंच मनोऱ्यांची. औशाच्या पलीकडून एका गावाच्या गायरानातून ती येणार होती. बाहेरच्या कर्जावर काम होतं आणि कर्ज देणाऱ्यांनी अट घातली होती, की सरकारी जमीन असली तरी आधी पर्यावरणाचा अहवाल करा आणि गावकऱ्यांसमोर वाचून त्यांचं म्हणणं ऐका. अहवाल करायला बाहेरून एक मंडळी आली. त्यांचे म्होरके एक डॉक्टर, औषधाचे नव्हे, झाडाझुडपांचे. डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण. फोटो आणि व्हिडिओ काढायला त्यांनी मला धरलं.

डॉक्टर गायरानापर्यंत आले. जीपमधून उतरले मात्र नाहीत. "काटे फार आहेत," म्हणाले. दुर्बीण लावली, एकदा डावीकडं बघितलं, एकदा उजवीकडं, आणि म्हणाले, "पडीक आहे." मग आम्ही धाब्यावर जेवायला गेलो. तिथं मात्र ते बराच वेळ बसले.

अहवाल छापून आला तेव्हा मी चाळला. आमच्या त्या गायरानात त्यांना फणस सापडला होता. खाडीतले खेकडेही सापडले होते. कुठल्या तरी कोकणातल्या कामाचा अहवाल उचलून गावाचं नाव बदललं होतं, दुसरं काय! मी डॉक्टरांना म्हटलं, "साहेब, खाडी कुठाय इथं? चारशे किलोमीटरवर समुद्र." ते म्हणाले, "वाचतंय कोण?" आणि सुपारी तोंडात टाकली. शी! तेव्हापासून सुपारी चघळणारा माणूस समोर आला की मी मान फिरवतो.

आता राहिली सुनावणी. गावकऱ्यांनी नीट बोलावं म्हणून त्यांना आधी तयार करायचं होतं. त्याला 'जनजागृती' असं गोंडस नाव होतं, आणि ते काम घेतलं आमच्या सरांनी. कारण ते गाव सरांचंच होतं.

हे मला तोवर माहीत नव्हतं. भूकंपात जुनं गाव बसलं, वर माळावर नवं गाव झालं, सगळी घरं एकासारखी एक, गल्ल्यांना नंबर. सरांचं घर तिथं होतं, त्यांची बायको तिथंच राहायची. सर लातुरात खोली करून होते आणि रविवारी जमलं तर गावाकडं जायचे. बाईंना लातूर आवडत नाही, एवढंच ते सांगायचे.

जनजागृतीचे फोटो काढायला मी गेलो तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात गाव बसलं होतं. पुढं गडीमाणसं, मागं बायका, आणि सर हातात खडू घेऊन उभे. फळ्यावर प्रश्न आणि उत्तरं लिहिलेली. अहो, वर्गच घेतला त्यांनी! नुसती चुटकी आणि उत्तर.

"गायरानाचा वापर काय? तात्या, तुम्ही सांगा," असं सर म्हणाले. तात्या म्हणजे सरांचे चुलते. धोतर, डोक्याला पटका, ऐंशीच्या घरातला म्हातारा.

"वापर म्हंजी... ढोरं चारतावं की आमी," तात्या म्हणाले.

"चूक! ढोरं चारता म्हटलं की ते विचारणार किती, कुठली, कुणाची. दोन तास जातील. लाईन लांबंल. फळ्यावर बघा. सदर जमीन पडीक असून..."

"पडीक असून," तात्या म्हणाले.

"तिचा कोणताही सामाजिक, सांस्कृतिक वा धार्मिक वापर होत नाही."

"आरं, एवढं लांब माझ्यानं हुईल का? दात न्हाईत मला."

गाव हसलं. सरही हसले. मग पुन्हा चुटकी. गावातले लोक आठवडाभर ते वाक्य घोकत होते. पाणवठ्यावर बायका एकमेकींना गमतीनं विचारायच्या आणि उत्तर देऊन खिदळायच्या. बायकांच्या मागं, खांबाला टेकून, एक चाळिशीची बाई बसलेली असायची. काळीसावळी, हाडापेरानं मजबूत, बोलायची नाही, हसायचीही नाही. ओठ मात्र हलत असायचे. तिचा फोटो काढायला गेलो तर तिनं तोंडावर पदर ओढला. शेजारची म्हणाली, "आवं, सरांची मंडळी हायती त्या."

डॉक्टरांना गायरानाचे आणखी फोटो हवे होते, म्हणून तात्यांना बरोबर घेऊन मी चालत गेलो. जीप नव्हती, त्यामुळं काटे खरेच होते हे कळलं. बाभळी, बोरी, मधून मधून कुसळी गवत, आणि एका अंगाला ओढा. जमिनीवर जागोजाग शेणाच्या गोवऱ्या थापून वाळत घातल्या होत्या. "ह्या कुणाच्या?" मी विचारलं.

"सरांच्या मंडळीच्या. रोज येती ती हितं. शेण गोळा करती, थापती, जाती. घरी ग्यास हाय तिच्या."

"मग?"

तात्या बसले. पटका सोडून पुन्हा बांधला. मग सांगितलं, ते त्यांच्याच बोलीत सांगायला पाहिजे होतं, पण मला सगळं आठवत नाही. आमच्याकडं मोठं माणूस गेलं तर जाळतात, पण दूधपितं लेकरू गेलं तर पुरतात. या गावाची लेकरं पिढ्यान् पिढ्या त्या ओढ्याकाठी, गायरानात पुरलेली. रीत अशी, की बापानं किंवा चुलत्यानं न्यायचं, पुरायचं, वर बाभळीचे फास, म्हणजे काटेरी फांद्या, टाकायच्या आणि मागं न बघता यायचं. खूण ठेवायची नाही. बाईनं बरोबर यायचं नाही आणि कुठं ठेवलं ते विचारायचंही नाही. खूण राहिली तर आईचा जीव तिथंच गुंततो, म्हणे. म्हणून नकाशावर काही नाही, कागदावर काही नाही. मसणवटा म्हणून दाखवलेली जागा गावाच्या पार दुसऱ्या अंगाला. भूकंपात मोठ्या माणसांना लाकडं पुरेनात, तेव्हा लहानांना इथंच आणलं. त्यांत सरांची लेक होती. नुकती भिंत धरून उभी राहायला लागली होती. वरचे दोन दात आले होते, एवढं मात्र तात्यांनी दोनदा सांगितलं.

मी कॅमेरा बंद करून पिशवीत घातला. पाय कुठं ठेवावा तेच कळेना.

मला राग आला असं म्हणणार नाही. रागाचं एक बरं असतं, येतो आणि जातो. मला किळस आली. पोटच्या पोरीला ठेवलेल्या जागेबद्दल हा माणूस गावाकडून घोकून घेतोय, की तिथं काही नाही! संध्याकाळी लातुरात मी सरळ क्लासवर गेलो. वर्ग सुटला होता, सर फळा पुसत होते.

"सर," मी म्हटलं, "गायरानात तुमची लेक आहे म्हणे."

त्यांचा हात फळ्यावर थांबला. पाठ माझ्याकडं होती. वळून न बघता त्याच नेहमीच्या सुरात म्हणाले, "किती मार्काला?"

मी पायऱ्या उतरून खाली आलो आणि गटारापाशी थुंकलो. परत या माणसाचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं. पण सुनावणीचं काम अंगावर घेतलेलं होतं, जावंच लागलं.

सुनावणीला मांडव घातला होता. लग्नाचाच होता, झालरीसकट. स्टेजवर सुनावणीचे साहेब, डॉक्टर, लाईनीचा एक इंजिनिअर. साहेबांनी येताना गावच्या उकिरड्यावरून गाडी आणली होती, त्यामुळं नाकाला दस्ती लावूनच बसले होते. मागं आचारी भजी तळत होता आणि त्याचा वास सगळ्यांना बेजार करत होता. अहवाल वाचला गेला. फणस आला, खेकडे आले, कुणाला काही वाटलं नाही. मग प्रश्न सुरू झाले आणि गावानं अशी उत्तरं दिली म्हणता! तात्यांनीसुद्धा, दात नसताना, 'सांस्कृतिक'पर्यंत मजल मारली. डॉक्टर माझ्याकडं बघून डोळा मारत होते. सर मांडवाच्या खांबाशी उभे होते, नवा पांढरा शर्ट घालून.

साहेब घड्याळ बघत म्हणाले, "महिलांकडून कुणी बोललं नाही. एखादी तरी बोलू द्या, नाहीतर वरून विचारणा होते."

बायकांनी माना खाली घातल्या. सरांनी सवयीनं त्यांच्या दिशेनं चुटकी वाजवली. कुणा एकीला नव्हे, अशीच हवेत. आणि मागच्या रांगेतून त्यांची बायको उठून उभी राहिली.

मी कॅमेरा वळवला. तिनं पदर डोक्यावरून नीट केला. साहेबांनी विचारलं, "काय बाई, त्या जागेचा गावाला काही उपयोग होतो का?"

"सदर जमीन पडीक असून," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, भरड, खणखणीत, "तिचा कोणताही सामाजिक, सांस्कृतिक वा धार्मिक वापर होत नाही. तिथं आमचं काहीही नाही."

एक अक्षर चुकलं नाही. नुसतं फळ्यावरचंच नाही, शेवटचं वाक्य तिनं पदरचं घातलं होतं. बघत होती ती साहेबांकडं नव्हे, खांबाकडं, नवऱ्याकडं. आख्ख्या गावाला ठाऊक होतं ना! साहेबांना काय ठाऊक? त्यांनी नाकावरची दस्ती काढली आणि टाळ्या वाजवल्या. "वा, वा! खेड्यातली बाई असून किती शुद्ध बोलल्या!"

"चुकलं," असं कुणीतरी म्हणालं.

सर होते. खांब धरून उभे होते.

"काय म्हणालात?"

"उत्तर चुकलं साहेब. परत विचारा तिला."

"अहो, काय चुकलं? छान सांगितलं त्यांनी."

"चुकलं हो!" सर ओरडले. शिकवताना ओरडायचे तसं नाही, कुणीतरी बोटं दारात चेमटवल्यासारखं. "चुकीचं आहे ते सगळं. मीच चुकीचं शिकवलं. तिथं आमची... तिथं आमची..."

पुढचा शब्द काही त्यांच्या तोंडातून निघेना. ते बायकोकडं बघायला लागले, की तिनं तरी सांगावं. ती कशाला सांगते! "आता काय बोलायलाव?" ती म्हणाली. "धा वर्सं तोंड शिवून बसलाव. आठ दिस माज्याकडून घोकून घेतलाव, तिथं काई न्हाई म्हणून. आता न्हाई तर न्हाई." आणि खाली बसली.

मग तात्या उठले. "सायब, माजं दोन नातू हायती तितं." मागून एक बाई म्हणाली, "माजी बी येक." मग दुसरी. मग कोपऱ्यातला एक गडी, ज्यानं आत्ताच छातीठोक उत्तर दिलं होतं, तो नुसताच उभा राहिला आणि रडायला लागला. डॉक्टर माझ्यापाशी धावत आले, "शूटिंग बंद करा, बंद करा!" मी बंद केलं नाही. मी काही शूर नाही. त्या सुपारीच्या वासाला कंटाळलो होतो, इतकंच. भजी आचाऱ्याकडं तशीच राहिली आणि मग गावच्या कुत्र्यांनी खाल्ली.

तुम्हाला वाटेल, झालं, गोष्ट संपली, सत्याचा विजय. छे हो! साहेब वाईट माणूस नव्हते, वैतागलेले होते. त्यांनी इंजिनिअरला विचारलं, इंजिनिअर म्हणाला, लाईन आख्खी हलणार नाही, पण एखादा मनोरा थोडा इकडंतिकडं सरकवता येईल. "नेमकी जागा दाखवा," तो म्हणाला, "चुन्यानं खूण करतो. तेवढं सोडून खोदतो." आणि गायरानावर सगळी वरात निघाली. पुढं इंजिनिअर, चुन्याची बादली घेतलेला गडी, मग सर, मागं गडीमाणसं. बायका ओढ्याच्या अलीकडं थांबल्या. रीत होती तशी.

"हं, सर. दाखवा."

सर चालायला लागले. एका बोरीपाशी थांबले. "इथं." मग मान हलवली. "नाही. थांबा." ओढ्याकडं गेले. परत आले. "तेव्हा पाऊस होता," म्हणाले. "ओढा असा नव्हता. इथं एक मोठी बाभळ होती." बाभळ कुणी तरी कधीच तोडून नेली होती. ते वाकले, गवत बाजूला केलं, पुन्हा उठले. चुन्याचा गडी त्यांच्या मागं मागं. नवा पांढरा शर्ट काट्यानं फाटला. इंजिनिअर आधी समजुतीनं बोलत होता, मग नुसताच उभा राहिला. तात्यांना विचारलं, तर त्यांनाही आपले नातू सांगता येईनात. कुणालाच सांगता येईना. दहा वर्षांचं गवत, आणि सगळ्यांनी रीत पाळलेली, कुणी मागं वळून बघितलेलं नाही.

तेवढ्यात सरांची बायको ओढा ओलांडून आत आली. कुणी अडवलं नाही. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, अगदी हळू, मी जवळ होतो म्हणून ऐकू आलं, "कुठं ठिवलाव तिला?"

इतकी वर्षं ती रोज तिथं येत होती. कुठं, ते ठाऊक नव्हतं, म्हणून सगळ्या गायरानातच फिरायची, सगळीकडंच गोवऱ्या थापायची. विचारायचं नव्हतं म्हणून विचारलं नव्हतं. आणि तो मात्र तिला लातुरातून येऊन शिकवत होता.

सर म्हणाले, "मला सापडंना गं."

तेव्हा मला त्यांची किळस यायची बंद झाली. कीव आली असंही नाही. मी दुसरीकडं बघायला लागलो, कारण दोघांना तसं बघणं बरोबर नव्हतं.

नेमकी जागा मिळाली नाही, म्हणून चुना पडला नाही, म्हणून लाईन होती तशीच आखली गेली. अहवालात एक ओळ वाढली, की ग्रामस्थांनी काही भावनिक मुद्दे मांडले. फणस आणि खेकडे तसेच राहिले. आजही असतील कुठं तरी कपाटात. त्या कागदावर कुणी कुणी सह्या केल्या ते मी सांगत नाही, तोंड विटाळायचं कशाला?

सरांनी क्लास भाच्याच्या हवाली केला आणि गावी राहायला गेले. चौकातल्या बोर्डावर दुसऱ्याचा चेहरा आला, फोटो मीच काढला. पुढं काही वर्षांनी सर गेले. तात्या म्हणाले, ताप आला आणि गेले, फार हाल नाही झाले. मी त्यांना शेवटचं बघितलं ते लाईनीचं खोदकाम चालू असताना. कामाचे फोटो काढायला मला बोलावलं होतं, मला काम हवं होतं, मी गेलो.

गायरानातल्या मनोऱ्याचे खड्डे घेत होते. एका मनोऱ्याला चार पाय, चार खोल खड्डे. सर एका खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसले होते. दाढी वाढलेली, अंगात मळकं बनियन. मजूर टोपलं वर देईल ती माती ते हातात घेऊन बघत, बोटांनी चाळत आणि बाजूला ओतत. प्रत्येक टोपलं. मजूर म्हणाला, पहिल्या खड्ड्यापासून असंच आहे, सकाळी आमच्या आधी येऊन बसतात. काळी माती संपली, पिवळा मुरूम लागला, तरी ते चाळत होते. चुटकी नाही, शब्द नाही. मला बघून ओळख दाखवली नाही. मीही हाक मारली नाही.

दुपारी बायको फडक्यात भाकरी बांधून घेऊन आली. शेवटचा खड्डा खाली मुरमापर्यंत गेला होता. ती कडेला उभी राहून आत बघत होती.

"निगालं का काई?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"चारी खड्ड्यांतूनबी न्हाई?"

"न्हाई."

ती त्यांच्या शेजारी मातीत बसली, फडकं सोडलं, आणि त्यांचे हात आपल्या पदरानं पुसून त्यांच्या हातावर भाकरी ठेवली. "मंग बरं झालं," ती म्हणाली. "हितंच हाय ती. जेवा."